पाळीदाराची परीक्षा

संस्थेचं कागदावरचं नाव एवढं लांबलचक होतं की लेटरहेडवर ते दोन ओळींत कसंबसं मावायचं. म्हणून मांडवगण फराट्याच्या त्या अंगाला सगळे तिला नुसतं 'लिफ्ट' म्हणत. परगावचा माणूस लिफ्टचं ऑफिस विचारत आला की आधी मान वर करून किती मजले आहेत ते बघायचा. लिफ्ट म्हणजे भीमेतून पाणी उपसणाऱ्या तीन मोटारी, टेकाडावरची टाकी, तिथून खाली उतरणारे पाट, पाटांवरचे एकशे अडतीस शेतकरी आणि या सगळ्यांना पाळीपाळीनं पाणी सोडणारा एक पाटकरी. या पाटकऱ्याचं नाव इनुस. एकतीस वर्षं तो हे काम करत होता आणि एवढ्या वर्षांत पाण्यावरून कुणाचं डोकं फुटलं नव्हतं. याखेरीज त्याच्याजवळ दुसरं सर्टिफिकेट नव्हतं.

सुफिया ही त्याची थोरली मुलगी. सासर केडगावला, माहेर मांडवगणला आणि मधे भीमा. पुण्यातल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढण्याचा तिला पगार मिळायचा. तिची आई रशिदा म्हणायची, हेच काम सासवा जन्मभर फुकट करत आल्या, त्यांना कुणी कंपनीत घेतलं नाही.

एका शनिवारी तिला मारुतरावांचा फोन आला. मारुतराव, म्हणजे गावाचे आबा, सात वर्षं लिफ्टचे चेअरमन होते आणि गावातल्या शाळा समितीचे अध्यक्षही होते. कुठंही खुर्ची रिकामी दिसली की ती आपल्यालाच हाक मारते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"सुफिया, बाळ, आपल्या लिफ्टला सॉफ्टवेअर आलंय. आपल्या विश्वजीतनंच केलंय. 'पाळीदार' नाव हाय त्याचं. कुणाला कवा पाणी द्यायचं ते आता तेच ठरवणार. पर अनुदानाच्या फायलीला टेस्ट रिपोर्ट लावायचाय, आन् तो तिऱ्हाइताचाच पायजे म्हणत्यात. तू आता केडगावची. म्हंजी तिऱ्हाईतच की. आन् घरातलीबी."

तिऱ्हाईत आणि घरातलं असं एकाच वेळी असणारं माणूस काम फुकट करतं, हे सहकारातलं जुनं सूत्र आहे. सुफिया हो म्हणाली. मग विश्वजीतनं, म्हणजे मारुतरावांच्या पुतण्यानं, फायलीची कागदं पाठवली. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'पाळीदार प्रणाली चाचणीत यशस्वी ठरल्यावर पाटकरी हे पद ठेवण्याची आवश्यकता राहणार नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं आणि स्कूटी काढून थेट माहेर गाठलं.

"वाचलंय मी," इनुस शांतपणे म्हणाला. "म्हणून तर आबांला तुझं नाव मीच सुचवलं."

"मी पास केलं तर तुमचं काम जाणार, अब्बा."

"तू बारीक तपास. माझ्यासारखं पाणी सोडणं त्या डबड्याला जमतंय व्हय? नापास हुईल, आन् फाईल जाईल फडताळात."

बापाचा हा भरवसाच चुकीचा होता. कारण नापास झालेलं सॉफ्टवेअर फडताळात जात नाही, दुरुस्तीला जातं. हे त्याला सांगायला हवं होतं. पण तो इतका खुशीत होता की तिनं ते पुढच्या खेपेवर ढकललं.

पुढच्या शनिवारी ती लिफ्टच्या ऑफिसात बसली. कॉम्प्युटरला हार घातलेला होता, कीबोर्डच्या फटीत हळद गेली होती. तिनं काळी खिडकी उघडली आणि पांढऱ्या अक्षरांत एक ओळ लिहिली. मारुतराव खुर्ची ओढून मागं येऊन बसले.

"हे काळं कशानं झालं? बिघडला का काय?"

"न्हाई आबा, आता याला हुकूम लेखी द्यायचा. माऊसनं न्हाई, लिहून."

"म्हंजी ठरावासारखं."

"तसंच. आधी वेगळी चूल मांडते. विश्वजीतच्या सॉफ्टवेअरचं सामान वेगळं, माझं तपासायचं सामान वेगळं. एकाचं मीठ दुसऱ्यात पडायला नको."

वेगळी चूल मांडून झाली. मग तिनं तपासणीचं पॅकेज मागवलं: पिप इन्स्टॉल पायटेस्ट. पडद्यावर एक रेघ उजवीकडं सरकू लागली, निम्म्यात आली आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा नेट गेलं होतं. नेट आलं तेव्हा मारुतरावांचा चहा झाला होता आणि ते परत येऊन बसले होते. शेवटी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' अशी ओळ उमटली. सगळं जागेवर बसलंय का ते बघायला तिनं पॅकेज नुसतंच चालवलं. पॅकेजनं सांगितलं की शून्य टेस्ट सापडल्या आणि एकही चालली नाही.

"नापास किती?" मारुतरावांनी विचारलं.

"नापास कुणीच न्हाई, पर आबा—"

"मग झालं की. छाप आन् दे सही करून."

"आबा, कुणी परीक्षेला बसलंच न्हाई अजून. आत्ता नुसती शाळा बांधलीय."

मारुतराव जरा हिरमुसले. शाळेतला त्यांचा अनुभव वेगळा होता, पण तो किस्सा पुढं येणारच आहे.

टेस्ट म्हणजे काय, हे तिनं त्यांना समजावून सांगितलं. एक प्रश्न घ्यायचा, त्याचं बरोबर उत्तर आधीच लिहून ठेवायचं, मग सॉफ्टवेअरला विचारायचं. जुळलं तर पडद्यावर हिरवा ठिपका, नाही जुळलं तर लाल एफ. पण ही बरोबर उत्तरं आणायची कुठून? संस्थेचे पोटनियम काढले, तर त्यात पाण्याविषयी एकच वाक्य निघालं: 'पाणी नियमाप्रमाणे पाळीने देण्यात येईल.' नियम कोणते, ते लिहिलेलंच नव्हतं. ते सगळे इनुसच्या डोक्यात होते.

मग दर शनिवारी सुफिया वही घेऊन बापासमोर बसू लागली. त्यांच्या घरात बोलणं दखनीत चालायचं, पण पाण्याचा विषय निघाला की दोघं आपोआप मराठीवर यायची. पाट, पाळी, दार, वाफसा, शेपूट, यांना घरच्या बोलीत शब्दच नव्हते. इनुस पाटाच्या कडेला उकिडवा बसून सांगायचा आणि ती लिहून घ्यायची.

"पाणी शेपटाकडनं सुरू करायचं. टोकाच्याला आधी, तोंडाच्याला मागनं. न्हाईतर टोकाच्याला नुसता गारवा पोचतो, पाणी पोचत न्हाई."

"बरं. आन् पाळीच्या दिवशी कुणाच्या घरात मयत झाली तर?"

"पाळी पुढच्याला द्यायची, आन् तिसऱ्याच्या विधीनंतर ह्याला परत. पर त्यानं मागायच्या आत आपण द्यायची. मयतवाल्या घरानं पाणी मागायला येणं बरं दिसत न्हाई."

"हे कॉम्प्युटरला कसं सांगू? मागायच्या आत?"

"तुझं तू बघ. शिकलीयेस न्हवं?" असं म्हणून तो खूश होऊन हसायचा. प्रत्येक अवघड नियम सांगताना त्याला वाटायचं, हा शेवटचा, इथं ते डबडं आडवं होणार. बांधावरून भांडण चालू असलेल्या दोघा भावांना लागोपाठ पाळ्या द्यायच्या नाहीत. एकट्या बाईला रात्रीची पाळी द्यायची नाही. निम्म्या पाळीत लाइट गेली तर उरलेले तास दुसऱ्या दिवशी, पण लग्नघर असेल तर त्याच दिवशी. असे एकेक करून तीस नियम निघाले.

पहिल्यांदा सगळं चालवलं तेव्हा सहा ठिपके हिरवे आले आणि चोवीस एफ लाल. इनुसनं पडद्याकडं बघून चष्मा पुसला आणि घरी येऊन रशिदाला मटण करायला सांगितलं.

पण विश्वजीत हा चिकाटीचा पोरगा निघाला. पुतण्या असून कामाचा, हा प्रकार मारुतरावांच्या घराण्यात नवाच होता. तो आठवडाभर दुरुस्त्या करायचा आणि शनिवारी लाल एफ कमी झालेले असायचे. चोविसाचे पंधरा झाले, पंधराचे सात. एकदा गाडी अडली ती एका शब्दावर. पाटाच्या टोकाला मुसलमान आळीतली चार घरं होती आणि त्यांच्या पाळ्या इनुसनं रजिस्टरात 'जुमेरात' अशा लिहिल्या होत्या. पाळीदार मात्र त्यांना शुक्रवारी रात्री पाणी देत होता. गुरुवारी पाट कोरडा, आणि शुक्रवारी एका पाटावर दोन मालक.

"मी नीट विचार करून भरलंय," विश्वजीत फोनवर म्हणाला. "जुमा म्हंजी शुक्रवार. रात म्हंजी रात."

सुफियाला हसू आवरेना. "अरे, जुमेरात म्हंजी गुरुवार."

"मग गुरुवार लिहायचं की सरळ."

इनुसनं तिच्या हातातून फोन घेतला. "आरं, आमच्यात जुमेरात, तुझ्या आज्याच्या तोंडी बेस्तरवार, आन् तुला समजतो फकस्त गुरुवार. एका वाराला तीन नावं हायत ह्या गावात. आता कर दुरुस्त."

विश्वजीतनं तीही दुरुस्ती केली. पण आठवड्यामागून आठवडे लाल बघून त्याचाही धीर सुटत चालला होता. एका शनिवारी सुफियानं हुकूम लिहिला, तर असलं काही नाहीच म्हणून काळ्या खिडकीनं हात वर केले. विश्वजीतनं टेस्टचं पॅकेजच अनइन्स्टॉल केलं होतं. 'नक्की काढू का?' असं यंत्रानं विचारलं होतं आणि यानं 'वाय' दाबलं होतं.

"नापास करणाराच ठेवला न्हाई, म्हंजी झालं का?" तिनं विचारलं.

"तात्पुरतं काढलं होतं," तो चाचरत म्हणाला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. कुठलं पॅकेज, कितव्या आवृत्तीचं, याची यादी सुफियानं एका फायलीत लिहून ठेवलेली होती. यादीवर बोट ठेवून एकच ओळ लिहिली आणि जेवढं काढलं होतं तेवढं सगळं दहा मिनिटांत परत जागेवर बसलं. तिनं विश्वजीतला तेही शिकवलं, कारण तो वाईट नव्हता, नुसता दमला होता.

नियम वाढत वाढत एकोणचाळीस झाले आणि संक्रांतीच्या आसपास ते एकोणचाळीसही हिरवे झाले. त्या दिवशी ऑफिसात पेढे आले. सुफियानं पेढा हातात घेतला आणि तसाच कागदात गुंडाळून ठेवला. तिनं काय केलं होतं ते आता तिच्या समोर एका ओळीत मांडलेलं होतं. बापाचं एकतीस वर्षांचं डोकं तिनं नियमानियमानं काढून यंत्रात भरलं होतं, आणि ते बापानंच हौसेनं हातात दिलं होतं.

"अब्बा, आता बास करा," ती घरी येऊन म्हणाली. "तुम्ही सांगता, ते शिकतं. अजून सांगाल, अजून शिकंल."

इनुसलाही ते कळून चुकलं होतं, कदाचित पंधराव्या नियमालाच कळलं असेल. "पर चुकीचं कसं सांगू?" तो म्हणाला. "पाण्याचं चुकीचं सांगता येत न्हाई मला."

तिला त्याचा अभिमान वाटला. म्हणूनच तिनं तो चाळिसावा प्रश्न विचारला. खरं तर प्रश्न सोपा होता, इतका की आधी विचारायचं सुचलंच नव्हतं.

"पाळी नसताना मधीच कुणी पाणी मागितलं तर?"

"न्हाई द्यायचं," इनुस म्हणाला. पण बोलताना तो पाटाकडं बघत होता.

तिनं टेस्ट लिहिली. मागणी पाळीबाहेरची, उत्तर 'नाही'. चालवली. एकोणचाळीस ठिपक्यांच्या शेवटी एक लाल एफ आला. खाली खुलासा होता: अपेक्षित 'नाही', आलेलं उत्तर 'हो'. गट नंबर एकशे बारा.

एकशे बारा म्हणजे मारुतरावांचा ऊस. सुफियाचं डोकं तडकलं. तिनं विश्वजीतला फोन लावला.

"काकांसाठी चोरवाट ठेवलीस व्हय रं?"

"मी न्हाई ठेवली," तो म्हणाला. त्याचा आवाज आज चाचरत नव्हता. "मी सात वर्षांची रजिस्टरं आत भरली. ज्याच्या त्याच्या सवयी पाळीदारानं तिथनंच उचलल्यात. दर मे महिन्यात एकशे बाराला दोनदा पाळीबाहेर पाणी गेलंय. ताई, रजिस्टरात अक्षर कुणाचं हाय तेवढं बघ, मग मला बोल."

रजिस्टरं ऑफिसच्या कपाटात होती. ती जमिनीवर बसून एकेक मे महिना उलटू लागली. अक्षर गोल, सुबक, शिरोरेघ न मोडणारं. याच अक्षरात तिनं लहानपणी बाराखडी गिरवली होती. प्रत्येक वर्षी दोन वेळा गट एकशे बारा, आणि दोन्ही वेळा ज्या नावावर काट मारलेली, ते नाव एकच: धुरपदाबाई. पाटाच्या पार टोकाची विधवा बाई, दोन एकर कांदा. टोकाच्याला आधी, हे ज्यानं सांगितलं त्यानंच टोकाचं नाव खोडलं होतं.

तिला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. ती तशीच पाटावर गेली. इनुस दाराची फळी बसवत होता. ती काही बोलायच्या आधी त्यानं तिच्या काखेतलं रजिस्टर बघितलं आणि फळी खाली ठेवली.

"माझी नेमणूक दर जूनला हुती," तो म्हणाला. "ठरावानं. चेअरमन ठराव मांडणार तवा मी वर्षभर पाटकरी. आन् आबांला पाणी लागायचं मे मधी." त्यानं पाटात हात धुतले. "पयल्या वर्षी मला झोप आली न्हाई. मग यायला लागली."

"धुरपदाकाकू काय म्हणायच्या?"

"काय म्हणणार? लाइट गेली हुती, असं मी सांगायचो."

लहानपणी सणाला धुरपदाबाई सुफियाच्या हातावर पुरणपोळी ठेवायची. सुफियानं रजिस्टर परत कपाटात ठेवलं आणि थेट केडगाव गाठलं.

अनुदानाच्या फायलीवर शेरा मारणारे साहेब तपासणीला यायच्या आदल्या दिवशी मारुतरावांनी तिला बोलावून घेतलं. विश्वजीतनं सगळं सांगितलं होतं, पण मारुतरावांचा चेहरा जराही उतरला नव्हता.

"बाळ, आपल्या शाळेचा दहावीचा निकाल अकरा वर्षं शंभर टक्के लागतोय. कसा? तर जे पोरगं कच्चं हाय, त्याचा आपण सतरा नंबरचा फॉर्म भरतो. ते बाहेरनं बसतंय. बसतंय परीक्षेला, पर आपल्या निकालात मोजत न्हाईत. तसा ह्या एका टेस्टचा सतरा नंबर भर."

सुफियाला कबूल करावं लागलं की आबांनी एवढ्या महिन्यांत पॅकेजविषयी काढलेली ही सगळ्यात अचूक शंका होती. पायटेस्टमध्ये तशी सोय होतीच. टेस्टच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की ती वगळली जाते. "पर रिपोर्टात दिसतं, आबा. लाल एफच्या जागी पिवळा एस येतो."

"पिवळं शुभच असतं. हळद म्हणायची."

"शेजारी कारणबी लिहायला लागतं."

"लिही, आजारी हाय."

त्यांनी मग आवाज खाली आणला. वगळली तर सगळं निर्मळ होईल. उद्या कार्यक्रमात इनुसला शाल-नारळ, सत्कार, 'एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा' असं छापलेलं मानपत्र. नाही वगळली, तर एकशे बारा कुणाचा हे जसं निघेल, तसं पाणी सोडलं कुणी हेही निघेल. "बापाचं नाव चांगलं ठेवायचं का घालवायचं, तू ठरव," ते म्हणाले.

खरं म्हणजे तिलाही तेच हवं होतं. बापावरचा राग आठ दिवसांत ओसरला होता आणि त्याचं नाव छापील कागदावर लाल झालेलं तिला बघवणार नव्हतं. तिनं घरी जाऊन बापासमोर लॅपटॉप ठेवला, वगळण्याची ओळ लिहून दाखवली, कारणाची जागा मोकळी ठेवली.

"हितं काय लिहायचं?" इनुसनं विचारलं.

"आबा म्हणतात, आजारी."

"सात वर्षं आजारी?" त्याला हसू आलं आणि ते लगेच विझलं. "पुस ती ओळ. मी सांगितलेले एकोणचाळीस खरे हायत ना? मग चाळिसावाबी खराच ऱ्हाऊ दे. लाल तर लाल."

"काम जाईल, आन् नावबी जाईल, अब्बा."

"काम गेल्यातच जमा हाय. नाव धुरपदाबाईपाशी कवाच गेलंय."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुण्याहून साहेब आले. सत्कार झाले, नारळ फुटला, मग रिपोर्ट त्यांच्या हातात गेला. त्यांनी ठिपके बोटानं मोजले. दारापाशी चपलांच्या ढिगाजवळ इनुस उभा होता, धुतलेली टोपी घालून.

"चाळीसपैकी एकोणचाळीस," साहेब म्हणाले. "म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के. अहो, हे बोर्डात येईल. माझ्या मुलीला ब्याण्णव पडले तर आम्ही कॉलनीभर पेढे वाटले."

"साहेब, टेस्टला टक्के नसतात," सुफिया म्हणाली. "एक लाल म्हणजे अजून तयार नाही."

"मॅडम, पस्तीसला पास असतं या राज्यात," साहेब मायेनं म्हणाले. "बरं, हा एक कुठल्या विषयात गेला?"

मारुतराव पंख्याकडं बघू लागले. तेव्हा दारातून इनुसचा आवाज आला.

"साहेब, त्यात मशीनची चूक न्हाई. पाळी नसताना मी चेअरमनच्या उसाला पाणी सोडत हुतो, धुरपदाबाईचं तोडून. सात वर्षं. मशीन माझ्याकडनं शिकलं."

साहेबांची सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. काय ऐकायचं आणि काय लिहायचं यातलं अंतर त्यांना पाठ होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मोठ्यानं वाचत शेरा लिहिला: 'पाळीबाहेरील पाण्याच्या मागणीबाबत निर्णय प्रणालीने न घेता पाटकऱ्याच्या संमतीने घ्यावा. उर्वरित चाचणी समाधानकारक. मान्यता द्यावी.'

"पण साहेब, पाटकरी पद तर आपण बंद करतोय," विश्वजीत म्हणाला.

"मग करू नका. एवढ्यापुरतं ठेवा. आणि ते दरसालचं नेमणुकीचं लफडं नको, अहवालाला खंड पडतो. एकदाच कायम करून टाका. पुन्हा बदलायचं म्हटलं तर आमची परवानगी लागेल."

मारुतरावांचा चेहरा क्षणात उजळला. सगळ्यांसमोर जे बोलला ते बोलला, पण दर मे महिन्यात निमूट दार उघडणारा माणूस सरकारी शेऱ्यानं त्या दारावर कायमचा बसत होता, याहून आणखी काय हवं? ते स्वतः उठले, ठराव स्वतः मांडला आणि इनुसच्या इमानदारीवर चार वाक्यं बोलले. अनुमोदन विश्वजीतनं दिलं. तो संस्थेचा सभासद आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. टाळ्या वाजल्या. आणलेली शाल वाया जाऊ नये म्हणून ती इनुसच्याच खांद्यावर घातली.

केडगावला परत जाताना भीमेच्या पुलावर सुफियानं स्कूटी थांबवली. तिला हसावं की रडावं ते कळेना. बापानं एकोणचाळीस गोष्टी चोख केल्या, त्या यंत्रानं नेल्या. एक चुकीची केली, तेवढी त्याच्याकडं नोकरी म्हणून उरली, आणि तीही कायमची.

पाळीदार सुरू झाला. पाणी शेपटाकडून जाऊ लागलं, मयताच्या घरी मागायच्या आत पाळी परत मिळू लागली, भांडखोर भाऊ एकमेकांपासून लांब राहिले. लोक म्हणाले, यंत्र लई समजूतदार हाय. इनुस रोज सकाळी सवयीनं पाटावर जायचा, कुणी काही विचारायचं नाही, मग घरी येऊन ओट्यावर बसायचा. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असेच गेले. हा माणूस आतून वाळत चाललाय, असं रशिदा म्हणू लागली, आणि सुफियानं मे महिन्यात मुद्दाम आठ दिवसांची रजा काढली.

त्याच आठवड्यात एका दुपारी इनुसचा मोबाईल वाजला. पाळीदाराचा मेसेज होता: 'गट एकशे बारा. पाळीबाहेर मागणी, आज संध्याकाळ. संमती?' खाली दोन चौकटी होत्या, एकीत 'हो', एकीत 'नाही'. इनुसनं तो वाचला आणि मोबाईल गुडघ्यावर ठेवून दिला. तासाभरानं दारात जीप थांबली आणि मारुतराव स्वतः उतरले.

"इनुस, मेसेज गेला न्हाई का? का चष्मा सापडंना?"

"आलाय की, आबा. बसा. चहा घ्या."

"चहा ऱ्हाऊ दे. 'हो' दाब तेवढं, पोरं पाइपा लावून थांबल्यात."

इनुसनं मोबाईल उचलला. सुफिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि बापाचं बोट बघत होती. तिनं यापूर्वी हजारो टेस्ट चालवल्या होत्या, पण श्वास धरून एकीचीही वाट बघितली नव्हती.

"आज धुरपदाबाईची पाळी हाय, आबा," इनुस म्हणाला, आणि त्यानं 'नाही' दाबलं.

मारुतराव खरंखुरं दुःख झाल्यासारखे म्हणाले, "आरं, गेली सात वर्षं दर जूनला माझ्या दारात यायचास. मीच तुला कायम केलं न्हवं?"

"व्हय, आबा," इनुस म्हणाला. "म्हणून तर."